केबलच्या अंगावरची ओळ

एच०७आरएन-एफ ४जी२.५.

काळ्या, जाडसर रबरी केबलच्या अंगावर ही ओळ छापलेली असते, सबंध लांबीभर, थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा. क्रेनखाली, कूलंट पंपापाशी, वेल्डिंगच्या जागेवर माणसे तिच्यावरून रोज ये-जा करतात. वाचण्याजोगी गोष्ट म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, याचे मला वाईट वाटते. इतक्या थोड्या अक्षरांत इतका नेमका आशय भरलेली रचना यंत्रांच्या जगात क्वचित सापडते. कवितेची ओळ वाचताना आपण शब्दाशब्दापाशी थांबतो, हाच क्रम का, असे विचारतो, आणि शेवटी कवीने न सांगितलेले काय उरले ते शोधतो. या ओळीशीही तसेच वागून पाहू.

पहिले अक्षर एच. युरोपीय देशांनी मिळून ठरवलेल्या सामाईक मानकाप्रमाणे ही केबल बनली आहे, एवढे ते सांगते. ते नसते तर पुढची सगळी अक्षरे एखाद्या कंपनीच्या कॅटलॉगापुरतीच खरी ठरली असती. मग येतात ०७. हा विद्युतदाब: जमिनीच्या तुलनेत प्रत्येक तारेला ४५० व्होल्ट आणि दोन तारांमध्ये ७५०. एका खुणेत दोन दाब आहेत, कारण तीन फेजच्या केबलमधली प्रत्येक तार दोन नाती सांभाळत असते, एक जमिनीशी आणि एक शेजारणीशी. आपल्याकडच्या पुरवठ्यात ही नाती २४० आणि ४१५ व्होल्टची असतात, म्हणजे हाती भरपूर शिल्लक उरते असे वाटते. मात्र वाटेत मोटरचा वेग बदलणारी व्हीएफडी आली की हिशेब फिरतो. व्हीएफडी आधी एसीचे डीसी करते, ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ५६० ते ५८५ व्होल्टचे, आणि त्याचे तुकडे पाडून सेकंदाला हजारो वेळा मोटरकडे पाठवते. केबल लांब असली की हे तीक्ष्ण ठोके मोटरच्या टोकावर आपटून परततात. परतणारी लाट येणाऱ्या लाटेवर चढते आणि दाब जवळपास दुप्पट, म्हणजे हजार व्होल्टच्या वर जाऊ शकतो. म्हणून जाणता डिझायनर व्हीएफडी ते मोटर या टप्प्यात ०७ वर समाधान मानत नाही. तिथे तो ०.६/१ किलोव्होल्टची, धातूच्या जाळीची शील्ड असलेली केबल मागतो.

आर आणि एन ही अक्षरे आतून बाहेर वाचायची. आर म्हणजे प्रत्येक तारेभोवतीचे रबराचे इन्सुलेशन, जे तांब्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत सोसते. एन म्हणजे सगळ्यांना कवेत घेणारे बाहेरचे आवरण, पॉलिक्लोरोप्रीनचे, ज्याला बाजारात निओप्रीन म्हणतात. १९३० साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत, वॉलेस कॅरदर्स यांच्या गटातल्या आर्नल्ड कॉलिन्स यांना हे कृत्रिम रबर गवसले. नैसर्गिक रबराला तेल लागले की ते फुगते, मऊ पडते. उघड्यावर ओझोनने त्याला भेगा जातात. निओप्रीनच्या रेणूतला क्लोरीन या दोन्हींना बराच अटकाव करतो. आतल्या थराची गाठ विजेशी आहे आणि बाहेरच्या थराची जगाशी, आणि ओळीने दोघांना एकेक अक्षर दिले आहे. हे वाटप मला न्याय्य वाटते. केबल निवडताना लोक आतल्या थराचाच विचार फार करतात. कटिंग ऑइलमध्ये सतत भिजणाऱ्या साध्या पीव्हीसीच्या केबलमधला मऊपणा देणारा पदार्थ निघून जातो आणि ती काही काळाने कडक होऊन तडकते. तिच्यातले तांबे तेव्हाही उत्तम असते.

यानंतर ओळीत आडवी रेघ येते. आवरणांची भाषा संपून तांब्याची भाषा सुरू होते तिथेच ती ओढलेली आहे. तिच्यापुढे एकच अक्षर: एफ.

माझ्या दृष्टीने सगळ्या ओळीचा प्राण या अक्षरात आहे. एफ म्हणजे लवचिक. तांबे किती बारीक तंतूंत विभागायचे, हे आयईसी ६०२२८ या मानकात वर्गवार ठरलेले आहे. पहिल्या वर्गात सलग एकच कांब, दुसऱ्यात वळलेल्या जाड तारा, पाचव्यात बारीक तंतू, सहाव्यात त्याहून बारीक. आपल्या ओळीतली केबल पाचव्या वर्गाची. अडीच चौरस मिलिमीटरसाठी तिचा एकेक तंतू ०.२६ मिलिमीटरपेक्षा जाड असू शकत नाही, म्हणजे एका तारेत पन्नासेक तंतू येतात. तेवढेच तांबे सलग कांबीत ओतले तर तिची जाडी सुमारे १.७८ मिलिमीटर भरेल. वाकवताना तांब्याच्या बाहेरच्या कडेवर पडणारा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे त्याच वळणावर बारीक तंतूला कांबीच्या साधारण सातव्या हिश्श्याचाच ताण सोसावा लागतो. शिवाय सगळ्या तंतूंना पीळ दिलेला असतो. पिळामुळे प्रत्येक तंतू आळीपाळीने वळणाच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूला येतो. बाहेर असताना तो ताणला जातो, आत आल्यावर सैलावतो, आणि पिळाच्या एका पूर्ण फेऱ्यात हे येणे-देणे मिटते. कोणताही तंतू कायम बाहेर राहत नाही. वाकण्याचा भार पन्नास जणांत असा वाटून घेण्याची ही रचना मला फार सुंदर वाटते, आणि ती आवरणाखाली कायम झाकलेली असते.

या एफचे एक भावंड आहे, के. पॅनेलच्या आत वापरतात त्या एच०७व्ही-के वायरच्या नावात ते येते. के आणि एफ या दोघांचे तांबे सर्वसाधारणपणे पाचव्याच वर्गाचे, बारकाई सारखी. फरक आयुष्याचा आहे. के म्हणजे बसवताना वाकवा आणि मग जागेवर राहू द्या. एफ म्हणजे वापरातही हलू द्या. एकाच तांब्याला दोन अक्षरे देऊन मानकाने धातूखेरीज त्याच्या पुढल्या जगण्याचीही नोंद केली आहे. निवड करताना हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा: ही केबल हलणार आहे का, आणि हलणार असेल तर कशी? अधूनमधून ओढली जाणार, सतत वाकणार, की पिळली जाणार? तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत, आणि रोबोच्या मनगटात पिळली जाणारी केबल निवडणे हा तर स्वतंत्र अभ्यास आहे.

एफलाही मर्यादा आहे. सीएनसी मशीनवर पुढे-मागे धावणाऱ्या भागापर्यंत केबली ड्रॅग चेनमधून नेतात. मिनिटाला १० फेऱ्या, दिवसाचे १६ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला २८.८ लाख फेऱ्या होतात. हे सोसायला साधी रबरी केबल बनवलेलीच नाही. थरांवर थर वळलेल्या केबलमध्ये बाहेरचा थर ताणत जातो, आतला दबत जातो, आणि काही काळाने एखादी कोअर, म्हणजे इन्सुलेशनसह आतली तार, आपली जागा सोडून बाहेर ढकलली जाते. केबल बाहेरून स्क्रूसारखी वेडीवाकडी दिसू लागते. ड्रॅग चेनसाठी खास बनवलेल्या केबलमध्ये म्हणून कोअरचे छोटे छोटे जुडगे आखूड पिळाने वळतात आणि ते जुडगे ताण घेणाऱ्या मधल्या दोरीभोवती गुंडाळतात. तंतू बहुधा सहाव्या वर्गाचे असतात.

एवढी निगुतीने बनवलेली केबल बसवताना पाच मिनिटांत बिघडवता येते. ड्रम आडवा ठेवून त्यावरून केबलचे वेढे तसेच उचलून काढले, तर प्रत्येक वेढ्याबरोबर एक पीळ केबलमध्ये शिरतो. ड्रम दांडीवर चढवून फिरवत सोडायला हवा. मग केबल सरळ पसरून किंवा टांगून ठेवावी, म्हणजे उरलासुरला पीळ निघून जातो. चेनमध्ये तिला व्यासाच्या किमान दहाव्या हिश्श्याइतकी मोकळी जागा द्यावी, शेजारच्या केबलीशी तिला चेनच्या आत कधीही बांधू नये, आणि पकड फक्त दोन्ही टोकांना द्यावी. आपली ओळ इथे एकदा दगा देऊ शकते. छपाई सरळ रेषेत दिसली म्हणजे केबलला पीळ नाही, असे पुष्कळ वायरमन मानतात. पण कारखान्यात छापतानाच ती ओळ केबलभोवती थोडी थोडी फिरत गेलेली असू शकते. पिळाचा दाखला तिच्याकडे मागू नये.

आता ४जी२.५. चार कोअर, त्यांत एक हिरवी-पिवळी. जी हे अक्षर त्या अर्थिंगच्या तारेसाठी आहे. ती नसती तर जीच्या जागी गुणाकाराची खूण आली असती. चाराच्या आणि अडीचच्या मध्ये, जिथे साधी खूणही चालली असती, तिथे माणसाचा जीव वाचवणाऱ्या तारेची नोंद आहे.

अडीच म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर, शॉप फ्लोअरवर ‘अडीच स्क्वेअर एमएम’. हा आकडा नावापुरता आहे. केबल मानकात बसते की नाही हे क्षेत्रफळ मोजून ठरत नाही, तर अवरोध मोजून ठरते. साध्या तांब्याच्या पाचव्या वर्गाच्या अडीचच्या तारेचा अवरोध २० अंशांवर किलोमीटरला ७.९८ ओहमपेक्षा अधिक असता कामा नये. तांबे शुद्ध असेल तर थोडे कमी लागेल, हिणकस असेल तर जास्त लागेल. मानक निकाल मागते, साधन तुमच्यावर सोडते. या ७.९८ वरून केबल निवडणारा माणूस पुढचे गणित करतो. ५० मीटरवरच्या मोटरला १६ अँपिअर जात असतील, तर तीन फेजमध्ये जवळपास ११ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ४१५ मधले ११ गेले तर मशीन कुरकुर करत नाही. यंत्रांच्या विद्युत सुरक्षिततेचे आयईसी ६०२०४-१ हे मानकही पुरवठ्यापासून उपकरणापर्यंत पाच टक्क्यांपर्यंतची घट चालवून घेते. तीच केबल, तेच अंतर, पण २४ व्होल्टच्या डीसीवर १० अँपिअर नेऊन पाहा: जाण्याचे ५० आणि येण्याचे ५० मीटर मिळून ०.८ ओहम होतात, आणि २४ पैकी ८ व्होल्ट केबलच खाते. दूरवरचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह कधी उघडतात, कधी उघडतच नाहीत, तेव्हा पुष्कळदा व्हॉल्व्ह बदलले जातात आणि केबलकडे कोणी पाहत नाही. केबल गरम होईल का, हा प्रश्न सगळे विचारतात. कमी दाबाच्या लांब केबलीसाठी पलीकडे किती पोचेल, हा प्रश्न त्याआधी सोडवावा लागतो.

आवरण सोलले की रंग दिसतात: हिरवा-पिवळा, तपकिरी, काळा, करडा. आपल्या पिढ्यांच्या हाताला सवय लाल, पिवळा, निळा या तीन फेजची आणि काळ्या न्यूट्रलची. भोसरीत किंवा चाकणला युरोपातून आलेले मशीन लागते तेव्हा या दोन लिपी एका टर्मिनलवर समोरासमोर येतात, आणि तिथे मला खरीच काळजी वाटते. आपल्या बाजूने येणारी निळी तार जिवंत फेज असते. मशीनच्या बाजूची फिकट निळी तार न्यूट्रल असते. आपला काळा न्यूट्रल, त्यांचा काळा फेज. त्याच मशीनवर सेन्सरची तपकिरी तार म्हणजे २४ व्होल्टचा प्लस, निळी म्हणजे शून्य, काळी म्हणजे सिग्नल. रंग पाहून जोडणी करणे इथे धोक्याचे आहे. क्रमांक वाचायचा, टेस्टर लावायचा आणि मगच हात घालायचा. या सगळ्या रंगांत एक रंग मात्र मला फार मोलाचा वाटतो. आयईसी ६०२०४-१ प्रमाणे, मेन स्विच बंद केला तरी ज्या तारांत वीज उरते, त्यांना नारिंगी रंग देतात. पॅनेलमधला दिवा, बाहेरून येणारा इंटरलॉक, असे काही. ‘स्विच पाडलाय’ या भरवशावर पॅनेलमध्ये हात घालणाऱ्या माणसासाठी कोणीतरी, त्याला कधीही न भेटता, हा रंग राखून ठेवला आहे.

इथे ओळ संपते, आणि ती जे बोलत नाही ते सुरू होते. सगळी ओळ केबलच्या मधल्या भागाचे वर्णन करते. केबलला दोन टोकेही असतात, आणि बहुतेक दुखणी तिथेच किंवा वळणावर उद्भवतात.

पाचव्या वर्गाचे पन्नास तंतू तसेच स्क्रूखाली दाबले तर काही बाजूला पसरतात, काही तुटतात. म्हणून कोणी त्यांना सोल्डर लावून घट्ट करतो. टोक चकचकीत, भरीव दिसते. पण सोल्डर मऊ असते. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकत राहते, दाब ओसरतो, जोड सैल होतो, तापतो, आणि तापल्यावर आणखी सैल होतो. शिवाय सोल्डर जिथे संपते तिथे तार एकदम कडक ते मऊ होते आणि कंपनात नेमकी तिथेच तुटते. योग्य वाट क्रिंपिंगची: तंतूंवर पिन लग चढवून ठरलेल्या पकडीने दाबणे. नीट झालेल्या क्रिंपचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. गोल तंतू एकमेकांवर दबून मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी झालेले असतात, मध्ये हवेलाही वाट उरत नाही, आणि हवा शिरत नाही म्हणून तांबे आतून काळे पडत नाही. नुसत्या दाबाने इतका निर्दोष जोड होतो. पण त्यासाठी लग, तार आणि पकड हे तिन्ही एकमेकांच्या मापाचे असावे लागतात. चांगली रॅचेटची पकड दाब पुरा झाल्याशिवाय उघडतच नाही. साध्या पक्कडीने चेपलेला लग बाहेरून तसाच दिसतो. ओढून पाहिल्याशिवाय त्याची परीक्षा होत नाही. अडीचच्या पिन लगची कॉलर जर्मन मानकात निळी असते, दीडची काळी, एकची लाल. पॅनेल उघडल्यावर या कॉलरांची रांग पाहूनच वायरिंग करणाऱ्याचा हात कळतो.

कनेक्टर हा टोकांचा अधिक संस्कारी प्रकार. त्यातल्या पिनांची लांबी कधी निरखून पाहावी. पुष्कळ औद्योगिक कनेक्टरांत अर्थिंगचा संपर्क इतरांपेक्षा जरा पुढे आलेला असतो. जोडताना तो सर्वांआधी लागतो, काढताना सर्वांनंतर सुटतो; संरक्षण वीज येण्याआधी हजर असते आणि ती गेल्यावर निघते. दुसरा नियमही तितकाच विचारपूर्वक केलेला: जिकडून वीज येते तिकडे भोके, जिकडे जाते तिकडे पिना. उलट केले तर कनेक्टर काढलेल्या हातात जिवंत पिना उघड्या राहतात. सेन्सरांच्या एम१२ कनेक्टरमध्ये ए, डी, एक्स अशा वेगवेगळ्या खाचा असतात. ए सेन्सरसाठी, डी १०० मेगाबिटच्या इथरनेटसाठी, एक्स १० गिगाबिटसाठी. एकाचे दुसऱ्यात जातच नाही, त्यामुळे रात्रपाळीत थकलेल्या माणसाची चूक होण्याआधीच अडते. आयपी६७ हा पाणी-धुळीचा दर्जा मात्र जोड पूर्ण बसलेला असतानाच खरा असतो. मोकळ्या लोंबणाऱ्या कनेक्टरला तो लागू नाही. त्याला टोपण लावावे लागते.

‘पूर्ण बसलेला’ या अटीचे वजन जगाने २०११ मध्ये पाहिले. जिनिव्हाजवळच्या सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचताहेत, असे ऑपेरा प्रयोगात दिसले. आइन्स्टाइनचा सिद्धान्त पणाला लागला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कारण सापडले: जीपीएसची वेळ मुख्य घड्याळापर्यंत आणणाऱ्या फायबरचा कनेक्टर नीट बसलेला नव्हता. घड्याळाचाही एक लहान दोष निघाला, पण मोठा वाटा या कनेक्टरचा होता. सिग्नल पूर्ण तुटला असता तर तासाभरात कळले असते. तो येत होता, थोडा उशिरा. कारखान्यातही दिवसातून एकदा थांबणारे मशीन याच कारणाने सगळ्यांना महिनोन्‌महिने फिरवते.

शील्डबद्दल थोडक्यात. तिची जाळी पिळून, शेपटीसारखी करून एका टर्मिनलला बांधण्याची पद्धत सर्रास दिसते. उच्च वारंवारतेच्या गोंगाटाला ती शेपूट मोठा अडथळा ठरते आणि शील्ड नावापुरती उरते. व्हीएफडी किंवा सर्व्होच्या केबलची जाळी चारही बाजूंनी क्लॅम्पखाली दाबली जायला हवी, आणि एन्कोडरची केबल मोटरच्या केबलपासून दूर जायला हवी. ओलांडायचेच असेल तर काटकोनात.

राहते मांडणी. आयईसी ६०२०४-१ म्हणते, तार एका टर्मिनलपासून निघून दुसऱ्या टर्मिनलपर्यंत सलग जावी, मध्ये सांधा नको. ट्रंकिंगमध्ये जागा शिल्लक असावी, म्हणजे उद्याच्या दोन तारा झाकण न फोडता जातील. दाराकडे जाणाऱ्या तारांना बिजागरीपाशी मोकळा झोल असावा. केबल टायचा शोध १९५८ सालचा. अमेरिकेतल्या मॉरस लोगन यांनी विमानांच्या कारखान्यात कामगारांना मेणाच्या दोरीने गाठी मारताना, हात सोलून घेताना पाहिले आणि त्यातून तो निघाला. कामगारांच्या कळवळ्यातून निघालेल्या या वस्तूने आज पुष्कळ केबलींचे गळे आवळले जातात, कारण टाय किती घट्ट ओढावा हे कोणी शिकवत नाही. केबल जागेवर राहावी आणि तिचा आकार बदलू नये, इतकाच तो ओढायचा.

आणि प्रत्येक टोकाला नंबराची फेरूल. चांगल्या पॅनेलमध्ये क्रॉस फेरुलिंग असते: तार इथे कोणत्या टर्मिनलवर आहे आणि तिचे दुसरे टोक कुठे गेले आहे, दोन्ही तिच्यावर लिहिलेले. सगळ्या फेरूल एकाच दिशेने वाचता येतील अशा फिरवलेल्या असतात. दाराच्या आतल्या खिशात सर्किट डायग्राम असतो, आणि मशीन पाचसात वर्षांचे झाले की त्यातले बदल बहुतेकदा फक्त एका अनुभवी वायरमनच्या डोक्यात राहतात. मी अशीही पॅनेले पाहिली आहेत, जिथे डायग्रामवर लाल पेनाने नवा टर्मिनल नंबर घातलेला आहे, शेजारी तारीख आणि सही आहे, आणि फेरूलही त्याप्रमाणे बदललेली आहे. तिथे दोष शोधायला पहिल्यांदाच आलेला मुलगाही डायग्रामवर बोट ठेवून थेट त्या टर्मिनलपर्यंत पोचतो.